गागोद्याच्या घरातले अंध काका

कीर्तन संपते, आरती होते आणि जयघोष उठतो. वाचकहो, त्या जयघोषात पहिले नाव विठ्ठलाचे येत नाही, पुंडलिकाचे येते. देवाची ओळखच आपण अशी सांगतो, की हा पुंडलिकाला वर देणारा. पुंडलिकाच्या नावावर अभंग नाही, ग्रंथ नाही. म्हाताऱ्या आईबापांची सेवा चालू असताना दारात देव आला तरी तो उठला नाही, एवढ्यावर त्याचे नाव देवाच्या आधी लागले. पंढरपूरच्या इ.स. १२३७ च्या शिलालेखात, म्हणजे होयसळ राजा सोमेश्वराच्या काळात, पुंडरीक मुनींचा उल्लेख आहे. ते पुंडरीक आणि आपला पुंडलिक एकच का, यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला आहे. तो त्यांच्याकडे सोडू. माउलींच्या जन्माआधीपासून हे नाव त्या क्षेत्राशी जोडलेले आहे, एवढे आपल्याला पुरे.

मात्र या कथेत एक मोठी जागा रिकामी आहे. देव विटेवर उभा राहिला, की कीर्तनकार पुढे जातात. आत, त्या खोलीत पुढे काय झाले? रात्री तीनदा पाणी कोणी दिले, ओले अंथरूण कोणी उचलले, म्हातारी चिडून बोलली तेव्हा ते कोणी गिळले? कथेच्या आरंभी पुंडलिकाबरोबर काशीला निघालेली त्याची बायको दिसते, पुढे ती कुठेच दिसत नाही. ज्यांच्या घरात आज कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, त्यांना ही रिकामी जागा चांगली ठाऊक असते. आपल्या पेण-रोह्याकडे आषाढात भाताची लावणी असते, म्हणून कोकणातली माणसे माघी वारीला मोठ्या संख्येने जातात. त्या वारीलाही दरवर्षी दिंडीतून काही नावे गळतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते: "सासूबाईंना एकटे टाकून कसे येऊ?" हे सांगताना त्या बाईचा आवाज खाली जातो, जणू तिच्या हातून काही अपराध झाला आहे. त्या खाली गेलेल्या आवाजासाठी मी आज तुम्हाला आपल्याच जिल्ह्यातले एक जुने घर दाखवणार आहे.

हे घर पेण तालुक्यातल्या गागोदे गावचे, भावे कुटुंबाचे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना विनोबा म्हणू लागला. (पेण तालुक्यात विनोबा आणि शेजारच्या रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. गीता घेऊन लोकांपर्यंत जाणारे दोघे याच पट्ट्यातून निघाले, हे आपण इथले लोकही सहसा विसरतो.) आजोबा शंभुराव मोठे व्रतस्थ. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला. गागोद्याला आजी-आजोबा, आई रुक्मिणीबाई आणि मुले. त्या घरात आणखी एक माणूस राहत असे. ते आंधळे होते. मुले त्यांना काका म्हणत.

पुढे रुक्मिणीबाई मुलांना घेऊन बडोद्याला गेल्या, काका गागोद्यालाच राहिले. एके दिवशी बडोद्याला पत्र आले, की काका गेले. आप्ताच्या मृत्यूची वार्ता आली, की सगळ्यांनी स्नान करायचे, अशी घरची रीत होती. त्या दिवशी मात्र आईने कोणाला आंघोळीला पाठवले नाही, स्वतःही केली नाही. मुलाने विचारले, काकांचे स्नान का नाही? तेव्हा आईने सांगितले, की ते आपल्या नात्यातले नव्हते. त्यांना कोणी नव्हते, गरज होती, म्हणून ते आपल्याकडे राहत होते.

विनोबांनी ही आठवण पुढे अनेक वर्षांनी सांगितली. इतकी वर्षे एका घरात राहून, त्याच पंक्तीला जेवून, ते काका आपले कोणी नव्हते हे मुलांना कळले ते काका गेल्यावर, आणि तेही एक आंघोळ झाली नाही म्हणून.

या प्रसंगावर थोडे थांबा, वाचकहो. पोरांपासून घरातले काय लपते? आत्याचे आणि आईचे पटत नाही, हे चार वर्षांच्या पोराला कळते. पाहुणा नकोसा झाला आहे, हे ते भांड्यांच्या आवाजावरून ओळखते. म्हणजे त्या घरात काकांसमोर ताट ठेवताना कधी आवाज झाला नसावा. "उपकार" हा शब्द कोणाच्या तोंडून निसटला नसावा. वर्षातून एकदा चुकूनही निसटला असता, तर पोरांनी तो टिपला असता.

हे किती अवघड, ते आंधळ्या माणसाबरोबर कोकणातल्या घरात एक पावसाळा काढलेल्यालाच कळेल. भावे यांच्या घरात काकांचे काय काय करावे लागे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. अशी कामे लिहिली जात नाहीतच. पण आपल्याकडचे जुने घर डोळ्यांपुढे आणा. पडवी, उंच जोते, अंगणात शेवाळ, परसात विहीर. चार महिने धो धो पाऊस. अशा घरात दिसत नसलेल्या माणसाला सकाळी बाहेर न्यायचे, परत आणायचे, पाय धुवायला पाणी द्यायचे, पानात काय कुठे वाढले ते सांगायचे. घोंगडी ओली की कोरडी, तेही हात लावून दुसऱ्यानेच बघायचे. पाट नेहमीच्या जागेवरून हातभर सरकवला, तरी तो अडखळणार. म्हणजे घरातल्या प्रत्येकाने वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय लावून घ्यायची, लहान मुलांनीसुद्धा. ही सेवा एका दिवसाची असती तर कोणीही केली असती. ती रोज असते, तिला एकादशी नाही, तिला समाप्तीचे कीर्तन नाही.

आणि हे कोणाच्या हातून होत असे? काकांना घरात ठेवायचा शब्द आजोबांचा असेल. पण असा शब्द रोज निभावावा लागतो तो स्वयंपाकघरात. म्हणून मला या कथेत रुक्मिणीबाई अधिक दिसतात.

त्यांच्याविषयी विनोबांनी सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी इथे आठवतात. शेजारी एक गृहस्थ होते, त्यांची पत्नी काही दिवस घरी नव्हती. रुक्मिणीबाई आपल्या घरचा स्वयंपाक उरकून मग त्यांच्याकडे जाऊन करून येत. पोराने टोचले, की आई, तू स्वार्थी आहेस, आधी आपले करतेस! आई हसली. आधी त्यांचे केले असते तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत अन्न निवले असते, उशिरा केले म्हणजे त्यांना गरम मिळते. केवढा साधा हिशेब! पण तो करायला, जेवणारा किती वाजता पानावर बसतो, हे मनात धरावे लागते. सेवेतला अर्धा भाग हाच असतो. हातपाय नंतर चालतात, आधी दुसऱ्याचे घड्याळ आपल्या डोक्यात चालवावे लागते. म्हणून तर दिवसभर आजाऱ्याजवळ नुसते "बसून" असलेली बाई संध्याकाळी दमलेली असते, आणि घरच्यांना वाटते, हिने केले काय?

दुसरी गोष्ट बडोद्याची. वडील एखाद्या गरीब विद्यार्थ्याला घरी ठेवून घेत. शिळे उरले तर आई स्वतः खाई, जास्त असले तर विन्याला देई, पण त्या विद्यार्थ्याला ताजे वाढी. विन्या म्हणाला, तू आम्हाला भेद करू नका म्हणतेस आणि स्वतः करतेस. आईने ते नाकारले नाही. ती म्हणाली, की तू मला मुलगा दिसतोस, तुझ्यावर माझा मोह आहे. तो मला देवाच्या ठिकाणी दिसतो. तुझ्यातही मला देव दिसू लागेल त्या दिवशी हा भेद राहणार नाही.

परक्याची सेवा करणे सोपे आणि आपल्या माणसाची अवघड, असे ही माउली सांगते आहे. आपण नेमके उलटे समजतो. रक्ताच्या माणसाची सेवा "आपोआप" होते, असे आपल्याला वाटते. होत नाही. सासरा आजारी पडतो तेव्हा त्याच्याबरोबर तीस वर्षांचे हिशेबही अंथरुणावर येतात: लग्नात कोण काय बोलले, जमीन कोणाला जास्त दिली, धाकट्याचे लाड कोणी केले. पाणी देणारा हात थरथरतो तो ओझ्याने नाही, जुन्या बोलण्याने. अंध काकांशी भावे कुटुंबाचा असा कोणताच जुना हिशेब नव्हता. म्हणून त्यांना देव मानणे जमले असेल. घरच्या म्हाताऱ्याला तसे मानणे फार कठीण, आणि ज्यांना ते रोज जमत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. रुक्मिणीबाईंनाही आपल्या मुलाच्या बाबतीत ते अजून साधले नव्हते, आणि त्यांनी ते मोकळेपणी कबूल केले.

आपल्या परंपरेतच एक दाखला आहे. तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत आणि जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढे, असे चरित्रकार सांगतात. ती बोलत असे, विठोबालाही बोलत असे. कीर्तनात तिच्या तोंडाळपणावर आपण हसतो. पण भाकरी चुकली, असे कोणत्याही चरित्रकाराने लिहिलेले नाही. घरात दुष्काळ, पोरे लहान, नवरा डोंगरावर, अशा बाईने बोलू नये तर काय करावे? जिचे तोंड चालू आहे आणि हातही चालू आहे, तिच्याविषयी मला कधी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती बोलणे बंद झालेल्या बाईची.

रुक्मिणीबाईंनी एकदा लाख अक्षता देवाला वाहण्याचा संकल्प केला. त्या एकेक दाणा मोजून वाहत. नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे. ते म्हणाले, एक तोळा तांदूळ मोज, त्यावरून लाखाचे वजन काढ, वर अर्धा तोळा जास्त घाल, म्हणजे कमी पडणार नाहीत. तिला उत्तर सुचले नाही, तिने विन्याला विचारले. तो म्हणाला, की हे नुसते मोजणे नव्हे, दाण्यागणिक देवाचे स्मरण होते आहे. आईला ते पटले. आजाऱ्याची सेवाही अशीच दाण्यादाण्याने वाहावी लागते. घरातले कर्ते पुरुष पुष्कळदा तोळ्याचा हिशेब सांगतात: "बाई ठेवू, पैसे देऊ, महिन्याचे अमुक होतील." हा हिशेब चुकीचा नसतो, हात कमी असतील तर मदतनीस ठेवलीच पाहिजे. पण म्हातारीला संध्याकाळी दिवे लागले की भीती वाटते आणि कोणाचा तरी हात लागतो, हे त्या तोळ्यात बसत नाही.

आता या कथेचे दुसरे अंग. २५ मार्च १९१६ रोजी विनायक बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला, सुरतेला उतरला आणि काशीला गेला. पुंडलिकही काशीलाच निघाला होता, हे तुमच्या ध्यानात आले असेल. पुंडलिक परत फिरला. हा मुलगा परत फिरला नाही, काशीहून गांधीजींच्या आश्रमात पोचला. म्हणजे आईबापांना सोडून देवाच्या शोधात गेलेला हा मुलगा. मग पुंडलिकाच्या मापाने तो उणा ठरतो का?

उत्तर १९१८ मध्ये मिळते. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी इन्फ्लुएंझाची मोठी लाट मुंबई इलाख्यातून देशभर पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्या तापावर औषध नव्हते. पाणी, पेज, ऊब आणि जवळ बसणारा माणूस एवढाच उपचार, आणि जवळ बसणाऱ्यालाच ताप पकडत असे. बडोद्याच्या घरात आई, वडील आणि धाकटा भाऊ दत्ता तिघेही पडले. विनोबा साबरमतीच्या आश्रमात होते. बातमी कळताच गांधीजींनी त्यांना घरी जायला सांगितले आणि ते गेले. घर सोडून निघालेला संन्यस्त वृत्तीचा तरुण तापाच्या घरात परत शिरला. वडील उठले. आई २४ ऑक्टोबर १९१८ रोजी गेली, दत्ताही गेला.

सेवेने माणूस वाचतोच असे नाही, हे इथे लिहून ठेवले पाहिजे. आपल्या मासिकांतून सेवेच्या कथा पुष्कळदा बऱ्या झालेल्या माणसावर संपतात. खऱ्या घरांत तसे नसते. म्हातारपणाचे दुखणे बरे होण्यासाठी आलेलेच नसते. जो दोन वर्षे उशाशी बसला, त्याला शेवटी रिकामी खाट मिळते, आणि वर नातेवाईक विचारतात, "मोठ्या डॉक्टरांना का दाखवले नाही?" विनोबांच्या घरात तर त्या दिवशीही वाद झाला. आईचे अंत्यविधी आपल्या हाताने करावेत, असे त्यांना वाटत होते, भटजींकरवी नकोत. ते मान्य झाले नाही. ते स्मशानात गेले नाहीत. घरीच राहिले आणि त्या दिवसापासून वेदाच्या अध्ययनाला बसले. हे बरोबर की चूक, यावर तुमच्यात दोन मते होतील. मला इतकेच दिसते, की आईला शेवटचे पाणी द्यायला आलेला मुलगा आणि विधीवरून अडून बसलेला मुलगा एकच होता. सेवा करणारी माणसे पुतळे नसतात.

आईच्या दोन वस्तू त्यांनी जवळ ठेवल्या: एक साडी आणि पूजेतली अन्नपूर्णेची मूर्ती. साडीची उशी करून ते बरीच वर्षे निजत. पुढे खादीचे व्रत आले आणि ती साडी खादीची नव्हती, म्हणून त्यांनी ती साबरमतीत सोडली. आईला गीता मराठीतून समजावी, अशी तिची इच्छा होती. तिच्या हयातीत ते झाले नाही. १९३०-३१ मध्ये त्यांनी गीताई रचली, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून आज आपल्या हाती आहेत. सेवेचे फळ म्हणून कोणी काही विचारले, तर मी या साडीकडे आणि या पुस्तकाकडे बोट दाखवतो.

वर्ध्याच्या दिवसांतली आणखी एक आई इथे आली पाहिजे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांची सेवा करायचे ठरवले. पुढे १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम उभे राहिले, ते त्यांच्याच हातून. पण त्या वेळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते आणि लोकांच्या मनात भीती फार. मनोहरजींच्या आईचा जीव घाबरा झाला. मुलाला आवरा, असे तिने विनोबांना सांगितले. विनोबांनी तिला विचारले, की हा रोग तुम्हालाच झाला असता आणि मनोहर तुमची सेवा करू लागला असता, तर तुम्ही त्याला अडवले असते का? ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, माझा आशीर्वाद आहे. ज्या घरात अंध काका वाढलेल्या मुलांना नात्याचे कोणी वाटले, त्याच घरातला मुलगा असा प्रश्न विचारू शकतो, असे मला वाटते.

आता आपल्या आजच्या पेण-रोह्याकडे या. इथली पुरुषमाणसे कितीतरी पिढ्या मुंबईला गेली, गिरणीत, गोदीत, कारखान्यात. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली, जाणेयेणे सोपे झाले, तरी म्हातारी माणसे गावातच राहिली. आता गावात घर मोठे असते, स्लॅबचे असते, आणि आत दोन म्हातारे किंवा एकच म्हातारी असते. सून पनवेलला, मुलगा नवी मुंबईत, रविवारी येतात. कोणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही, पोट तिकडे आहे.

सरकारने २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो, मुलांकडून निर्वाहाची रक्कम मागता येते. कायदा चांगला आहे, आणि ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने लाजून मागे राहू नये. पण त्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्याला मूल नाही असा म्हातारा कोणाकडे मागू शकतो? जो त्याच्या मालमत्तेचा वारस असेल, त्याच्याकडे. म्हणजे कायद्याच्या नजरेने नाते मालमत्तेच्या मागून चालते. ज्याला मूल नाही आणि जमीनही नाही, त्याला मागायला कोणी उरत नाही. गागोद्याच्या काकांना या कायद्याने कोणाच्याही दारात उभे राहता आले नसते.

आपल्या गावांत असे काका आजही आहेत. मुंबईत आयुष्य काढून गिरणी बंद झाल्यावर परत आलेले, लग्न न झालेले, भावजयीच्या घरात पडवीत झोपणारे. मुलगे असूनही एकट्या पडलेल्या आज्या आहेत. आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्यासाठी घरात अडकून पडलेली ती बाई आहे, जिची वारी चुकते. तिच्याविषयी मला दिंडीच्या चालकांना एक विनंती करायची आहे. माघी वारीची यादी करताना आपण विणेकरी कोण, पखवाजाला कोण, तंबू कोण उचलणार, हे सगळे लिहितो. त्याच वहीत एक पान उघडा आणि त्यावर लिहा: या वर्षी कोणाच्या घरी कोण राहणार. जी माणसे गुडघ्यांमुळे चालू शकत नाहीत, पण चार दिवस एखाद्या म्हातारीजवळ बसू शकतात, अशी प्रत्येक गावात दोन-चार असतातच. त्यांची नावे त्या पानावर येऊ द्या. म्हातारीला औषध कधी लागते, रात्री किती वेळा उठवावे लागते, पेज किती पातळ लागते, हे सून त्यांना सांगेल. पहिल्या वर्षी ती पंढरपुरातून दिवसाला पाच फोन करील, चंद्रभागेच्या वाळवंटात उभी राहून, पुंडलिकाच्या देवळासमोरूनच.